परड्यातलं तण: फवारायचं, उपटायचं की शिजवायचं?

तणनाशक आणायला निघण्याआधी एकदा परड्यात उभं राहा आणि काय काय लावलंय ते बघा. माझं सांगते. राजापूर तालुक्यात, घराच्या मागे, जांभ्याच्या गडग्याच्या आत जेमतेम दोन गुंठे जागा. श्रावणात तिथे मांडवावर पडवळ आणि दोडकी असतात, मांडवाखाली अळू, पलीकडे भेंडी, मिरची, वांगी, गडग्याला लागून हळद, कोपऱ्यात भोपळ्याचा वेल आणि मधे उरलेल्या पट्टीत लाल माठ. एवढ्याशा जागेत ही सगळी मंडळी एकमेकांच्या पायात पाय घालून वाढतात.

आता यात फवारणार काय? रुंद पानाचं तण मारणारं २,४-डी भाताच्या शेतात चालतं, कारण भात हे गवतच. परड्यात ते टाकळा मारेल, आणि सोबत भेंडी, मिरची, भोपळाही मारेल. उलट फक्त गवत मारणारं क्विझालोफॉपसारखं औषध भेंडीला सोडेल, पण केना, टाकळा आणि लव्हाळा यांनाही सोडेल. आणि परड्याची खरी डोकेदुखी तीच तीन. जे औषध दिसेल ते हिरवं मारतं, ते ग्लायफोसेट, त्याला तर पडवळ आणि घाणेरी सारखीच. एकाच पिकाचं मोठं शेत असेल तर औषधाला त्यात काही निवड करता येते. अलिबागकडे भातानंतर पांढरा कांदा करतात, तिथे तण उगवायच्या आत मारायचं पेंडिमिथॅलिन का वापरतात ते मला समजतं. कांद्याची पात सुईसारखी, तिची सावली पडत नाही, तण तिला सहज दाबतं. पण मिसळीच्या परड्याला लागू पडेल असं औषध दुकानात नाही.

माझा पुतण्या मुंबईहून फोन करून विचारतो, "काकू, गणपतीला येतोय, येताना काय घेऊन येऊ, तणावर मारायला?" त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते. आमच्या ह्यांचं मत माझ्याविरुद्ध आहे हेही आधीच सांगते. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी माळावर, ह्यांची आंब्याची कलमं आहेत. तिथे बेणायला, म्हणजे तण काढायला, माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. अर्ध्या गावाच्या घरांना कुलूप आहे, बागेत राखणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत. तेव्हा बागायतदाराने काय करावं, यावर मी इथून उपदेश करणार नाही. माझं बोलणं परड्यापुरतं.

बाटल्यांमध्ये काय असतं

ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. ते पानातून आत शिरतं आणि रसाबरोबर मुळापर्यंत उतरतं. झाडाला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्लं तयार होण्याचा रस्ता ते बंद पाडतं. म्हणून फवारल्यावर लगेच काही दिसत नाही, आठ-दहा दिवसांनी झाड पिवळं पडून बसतं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत वेगळं आहे, आणि यावर जगभर भांडण चालू आहे. आपल्याकडे ते मुळात चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी मंजूर आहे. भाजीसाठी नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीटकनियंत्रकांनीच वापरावं असं ठरवलं. म्हणजे कॅन आणून पाठीवरच्या पंपात ओतायचा, हा जो सरसकट रिवाज पडलाय तो त्या अधिसूचनेत बसत नाही.

पॅराक्वाट हे दुसरं. ज्या हिरव्यावर पडतं तेवढं उन्हात काही तासांत करपवतं, मुळाला हात लावत नाही. लव्हाळा त्यानंतर पुन्हा ताठ उभा राहतो. हे पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घोटभरही माणसाचा जीव घेतो, आणि तोही लगेच नाही, फुप्फुसं हळूहळू निकामी करून. ज्या घरात पोरं आहेत त्या घरात ही बाटली नको. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेलं तर कुठलंच औषध नको.

२,४-डी ची खोड वेगळी. त्याचा अंश पंपात चिकटून राहतो. सकाळी भाताच्या बांधावर २,४-डी मारलं आणि तोच पंप विसळून दुपारी वांग्यावर कडुनिंबाचं पाणी मारलं, तर वांग्याची शेंड्याची पानं पिळवटून दोऱ्यासारखी होतात. मग बाई विचारात पडते की हा कुठला रोग. रोग नाही, पंप आहे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाने फुली मारा, आणि शेजाऱ्याकडून उसना पंप आणाल तर आधी विचारा की यात शेवटचं काय घातलं होतं.

कोकणात फवारा का फसतो

देशावरचं ऐकून इथे फवारणाऱ्यांना काही गोष्टी कुणी सांगत नाही. ग्लायफोसेट पानात मुरायला फवारणीनंतर काही तास कोरडे लागतात, साधारण सहा तास धरतात. जुलैमध्ये आमच्याकडे सहा तासांची उघडीप मिळाली तर आम्ही पापड वाळत घालतो. आणि तण सगळ्यात जोरात असतं ते नेमकं तेव्हाच.

दुसरं पाण्याचं. हे औषध मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि चिकटलं की निकामी होतं. पावसाळ्यात वहाळाचं लाल गढूळ पाणी पंपात भरलं, तर औषध पानावर पोचायच्या आधी पंपातच मेलेलं असतं. मग माणूस म्हणतो, औषधात दम नाही, आणि दुप्पट माप घालतो.

तिसरं विहिरीचं. आमची परडी उताराची असतात आणि विहीर बहुधा उताराच्या पायथ्याशी. जांभा पाणी धरून ठेवत नाही. फवारणीनंतर सर आली की वाहून जाणारं पाणी कुठे जातं ते तुम्हीच बघा. ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांत ते पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा जो पदार्थ घालतात, तो बेडकांना आणि माशांना औषधापेक्षाही बाधतो. शेतातल्या बेडकांनी आणि मुठ्यांनी आमच्याकडे किती किडे खाल्ले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आणि वारा. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो तो आत डोंगराकडे जातो, रात्री आणि पहाटे मतलई वारा उलट येतो. शेजारच्या बागेत फवारणी असेल तर तुमचं परडं वाऱ्याच्या कुठल्या बाजूला येतं हे वेळेवर अवलंबून आहे. करारावर बाग घेणाऱ्यांशी याच एका गोष्टीवरून माझं वाजलं होतं. आता त्यांच्या माणसाला मी आधीच सांगून ठेवते की सकाळी वारा पडलेला असताना मारा, नळीच्या टोकाला टोपी लावा, दाब कमी ठेवा आणि मला आदल्या दिवशी कळवा. गोड बोलून, घावन-चटणी खायला घालून सांगितलेलं ऐकतात.

शिमगा ते मृग: अर्धं काम इथेच होतं

तणाशी झगडा पावसाळ्यात करायचा असतो असं वाटतं, पण तो उन्हाळ्यात करायचा. शिमगा झाला की वाफे मोकळे करा. ढेकळं फोडून, माती सारखी करून, चांगलं पाणी पाजा. ओल वीतभर आत गेली पाहिजे. मग वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरा, २५ मायक्रॉनचं पुरतं, आणि चारही कडा मातीत गाडून टाका. आत हवा शिरता कामा नये. चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. एप्रिल-मे महिन्याच्या उन्हाने आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी मरतं, आणि मर रोगाची बुरशीही कमी होते. काळं प्लॅस्टिक घेऊ नका, त्याने माती तेवढी तापत नाही. फाटलं की चिकटपट्टी लावा. आणि वानरं येणार हे धरून चाला. आमच्याकडे एक टोळी प्लॅस्टिकवर नाचून जाते, म्हणून मी त्यावर बोरीच्या काट्या टाकते, कडेने, मधे नाही.

सासूबाईंना हे प्लॅस्टिक बघून हसू येई. त्यांच्या हयातीत तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेवर कवळ (झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या), शेण आणि पातेरा (वाळका पाला) रचून जाळत, त्याला राब भाजणं म्हणतात. भाताची रोपं तिथे निर्मळ येत, तण जवळजवळ नसे, राखेचं खत व्हायचं ते वेगळंच. तत्त्व तेच, मातीला ताप देणं. पण राबासाठी झाडं खरडून कवळ तोडावी लागते आणि जो पातेरा पुढे मला वाफ्यावर पसरायला हवा तोच जळून जातो. मिरची-वांग्याच्या रोपांच्या चार हात वाफ्यासाठी मी राब करत नाही.

प्लॅस्टिक काढल्यावर ती माती पुन्हा खोल खणू नका. खालचं न तापलेलं बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. वरवर रेघ ओढून पेरायचं.

प्लॅस्टिकची कटकट नको असेल त्यांच्यासाठी वळवाचा पाऊस आहे. मेच्या अखेरीस एखादी जोरदार सर पडते आणि आठवड्याभरात वाफा हिरवा होतो. लोकांना वाटतं, चला, आता एकदम मृगात खणून टाकू. थांबू नका. तण दोन पानांवर असताना कोरड्या दिवशी खुरप्याने वरचा इंचभर थर नुसता खरवडा, उन्हात पडू द्या, तासाभरात सुकतं. वळीव पडलाच नाही तर झारीने पाणी घालून तण मुद्दाम उगवू द्यायचं आणि मग खरवडायचं. एकदा करा, जमल्यास दोनदा. त्यानंतर पेरलेल्या भाजीला पहिले तीन आठवडे मोकळे मिळतात. आणि भाजीला मोकळ्या जागेची खरी गरज असते ती पहिला महिना-सव्वा महिनाच. नंतर पानांची सावली पडली की बाकीचं तण ती स्वतःच दाबते.

माठ, मुळा, मेथी फेकून पेरू नका. ओळीत पेरा, दोन ओळींत खुरपं फिरेल एवढं अंतर. फेकून पेरलेल्या माठात बसून रानमाठ वेगळा काढणं म्हणजे तांदळातून खडे वेचणं.

पावसातलं बेणणं

पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिलं, आणि त्यानंतर पुन्हा तेवढ्याच दिवसांनी दुसरं. ही दोन बेणणी वेळेवर झाली तर तिसऱ्याची फारशी गरज पडत नाही. एक चुकलं की मात्र तण गुडघ्याला लागतं आणि मग माणसाला बाटली आठवते.

पावसात उपटलेलं तण वाफ्यातच टाकू नये. केना तर कांड्याकांड्याला मुळं फोडतो, ओल्या मातीवर पडला की चार दिवसांत पुन्हा धरतो. उपटलेलं सगळं गडग्यावर पसरा, उलटं, मुळं वर करून. सुकल्यावर खड्ड्यात.

पण आधी पाटीतून भाजी निवडून घ्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वाफ्यात शिरतानाच विचारतात, "वैनी, टाकळा काढू की भाजीला ठेवू?" टाकळ्याची कोवळी पानं आषाढात, कुर्डू कोवळा असताना, केन्याच्या पानांची भजी, घोळीची डाळ घालून भाजी, सड्याच्या कडेला फोडशी. पैसे देऊन तालुक्याच्या बाजारात जे जुडीने घेतो ते आपल्याच वाफ्यात फुकट असतं. ओळखीचं असेल तेवढंच खावं, कुणी फोटो पाठवून सांगितलं म्हणून नव्हे. आणि ज्या बांधावर, ज्या रस्त्याकडेला, ज्या बागेत औषध फिरलंय तिथली रानभाजी अजिबात तोडू नका. फवारल्यानंतर दोन-चार दिवस टाकळा ताजा टवटवीतच दिसतो, हीच त्यातली मेख आहे. गुरांनाही त्या गवताकडे सोडू नका.

टाकळा भाजीला ठेवायचा तो पानं कोवळी असेपर्यंतच. भाद्रपदात त्याला पिवळी फुलं आणि बारीक वाकड्या शेंगा लागतात. त्या शेंगा वाफ्यात तडकल्या तर पुढची कित्येक वर्षं तुम्ही टाकळा खात राहाल. शेंग धरायच्या आत मुळासकट बाहेर. तेरडा मात्र मी गडग्याच्या बाहेरच्या अंगाला हातभर पट्टीत मुद्दाम राखते. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. सगळीकडे फवारून झाल्यावर गौरीच्या आदल्या दिवशी तेरडा शोधत सडाभर फिरणारी मंडळी मी बघितली आहेत.

लव्हाळा आणि हराळी

यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो, कारण ही दोन तणं बियांवर फारशी अवलंबून नसतात.

लव्हाळ्याच्या मुळाशी काळसर गाठी असतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, माळेसारख्या. वरचं पातं उपटलं की गाठ खालीच राहते आणि नवं पातं पाठवते. दिवाळीच्या उटण्यात जो सुगंधी नागरमोथा पडतो तो याच कुळातला. तापवणीचं प्लॅस्टिकही याच्यावर पूर्ण चालत नाही, आणि पातळ काळं प्लॅस्टिक तर तो टोक खुपसून भोसकतो. ग्लायफोसेट भर पानांवर असताना मारलं तर जोडलेल्या काही गाठींपर्यंत जातं, झोपलेल्या गाठींपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथेही एका फवाऱ्यात काम होत नाही. हे मी औषधाच्या विरोधात म्हणून सांगत नाही. औषध विकणारेही पुन्हा मारा असंच सांगतात.

लव्हाळ्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, सुकणं आणि सावली. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. एप्रिलमध्ये जमीन कोरडी असताना कुदळीने वीतभर खणून माती उलटी करा, ढेकळं झटका, गाठी वेचा, राहिलेल्या उन्हात उघड्या पडू द्या. दर आठवड्याला माती पुन्हा परता. उन्हात खडखडीत वाळलेली गाठ फुटत नाही. मग पाऊस लागला की त्याच जागी दाट सावलीचं पीक टाका. माझ्याकडे चवळी किंवा भोपळा. भोपळ्याचा वेल जमिनीवरच पसरू द्यायचा, मांडवावर चढवायचा नाही. मधून डोकं काढणारा लव्हाळा दर पंधरवड्याला मुळाजवळ छाटत राहा. पातं वाढवायला गाठीतला साठा खर्च होतो आणि सावलीत तो भरून निघत नाही. दोन पावसाळे लागतात, हे आधीच मनात धरा.

लव्हाळा असलेल्या वाफ्यात पॉवर टिलर घालू नका, ओल्या मातीत तर मुळीच नाही. माळ तुटते आणि प्रत्येक मणी वेगळं झाड होतो. आणि घर बांधताना, अंगण भरताना बाहेरून मागवलेली लाल मातीची ट्रॉली ओतायच्या आधी मूठभर माती हातात कुस्करून गाठी आहेत का बघा. बऱ्याच परड्यांत लव्हाळा असाच ट्रॉलीतून आलेला असतो.

हराळी कडेकडेने घुसते. तिला कुदळीने तोडू नका, ओली माती असताना काट्याने सैल करून दोरीसारखी ओढा. परड्याच्या कडेने वीतभर खोल चर ठेवा आणि दर महिन्याला चरातल्या दोऱ्या कापा. गणपतीच्या दूर्वांसाठी एक जुनी बादली भरून हराळी लावा, पण ती जमिनीवर ठेवू नका, कठड्यावर ठेवा.

पातेरा, पेंढा, सोडणं

उघडी माती दिसली की तण येणारच, म्हणून ती झाका. आंबा, काजू, फणस यांचा पातेरा, भाताचा पेंढा, गिरीपुष्पाचा पाला, नारळाच्या झावळ्या, आणि सोडणं, म्हणजे नारळाची बाहेरची सालं. कोकणात आच्छादन विकत घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. अंगण झाडून पातेरा जाळणाऱ्यांना मी रोज बघते आणि रोज गप्प बसते.

नवरात्र संपून पाऊस ओसरला की चार बोटं जाडीचा थर द्या. रोपाच्या बुंध्याभोवती तीन-चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. सोडणं पाठ वर करून एकाला एक लावून मांडा, नारळाच्या आळ्यात आणि वाफ्यांमधल्या वाटेवर ती सगळ्यात टिकाऊ. पेंढा झोडपून घ्या, नाहीतर वाफ्यात भात उगवेल. आणि पेंढा देणाऱ्याला विचारा की भातावर तणनाशक मारलं होतं का. मारलं असेल तर भाजीवर घालू नका.

भर पावसात मात्र जाड थर घालू नका. त्याखाली गोगलगाई आणि वाणी किडे वस्तीला येतात आणि रात्रीत कोवळी रोपं संपवतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पातळ, हिरव्या पाल्याचाच थर. उन्हाळ्यात कोरड्या थराखाली वाळवी लागते, तिथे थर अधूनमधून उलटा आणि ओलसर ठेवा.

अर्धं कच्चं शेणखत वाफ्यात घालणं म्हणजे तणाची पेरणी करणं. गुराच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं. ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापला पाहिजे, मग उलटून पुन्हा तापू द्यायचा. खत काळं, भुसभुशीत आणि वासरहित झालं की ते तयार. जीवामृताने मातीचं काय होतं यावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्याने तण मरत नाही. 'सेंद्रिय तणनाशक' म्हणून बाटली हातात दिली तर आत काय आहे ते लेबलावर वाचून दाखवा म्हणावं.

पाखाडी, अंगण आणि मीठ

औषध सगळ्यात जास्त मारलं जातं ते पाखाडीच्या, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेच्या, फटींत. इथे खरं तर सगळ्यात सोपं आहे. चुलीवर भाताचं पाणी किंवा साधं आधण असतंच, ते उकळतं फटीत ओता. कोवळं तण लगेच कोमेजतं, जुन्याला दोन-तीनदा लागतं. मोठ्या वाटेवर ग्रास कटर, पण फुलोऱ्याच्या आधी फिरवा. बी धरल्यावर फिरवलात तर सगळीकडे उडवून द्याल.

मीठ, व्हिनेगर आणि साबण यांची एक कृती मोबाइलवर फिरते. घरातलं व्हिनेगर कोवळी पानं भाजतं, मूळ तसंच राहतं. आणि मिठाचं कोकणातल्या माणसाला काय सांगायचं? खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की त्या कुणग्याचं काय होतं हे आपण बघत आलो आहोत. परड्याच्या जवळपासही मीठ टाकू नका.

औषध उडून आलंच तर

शेजारून फवारा आला आणि पानं बदलली, तर आधी ओळखा. शेंड्याची नवी पानं पांढरट-पिवळी, बारीक, गुच्छासारखी येत असतील तर ग्लायफोसेटचा संशय. पानं पिळवटलेली, देठ वाकडे, शिरा एकमेकींजवळ आलेल्या, तर २,४-डी. कलमांची नवी रोपं, ज्यांच्या खोडाची साल अजून हिरवी आहे, तीही औषध शोषतात. अंगावर पडताना दिसलंच तर लगेच साध्या पाण्याने झाड धुऊन काढा. त्या झाडाची भाजी स्वयंपाकघरात आणू नका, उपटून वेगळ्या खड्ड्यात टाका, खताच्या ढिगात नाही.

माणसाच्या अंगावर उडालं तर कपडे उतरवून भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. बाटलीचं लेबल बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. रिकामे कॅन तीनदा विसळून, भोकं पाडून निकामी करा. त्यात डिझेल, पाणी, गोमूत्र काहीही भरून ठेवू नका.

जमिनीत काही राहिलं असेल का, याची परीक्षा घरी होते. संशयाच्या वाफ्यातली माती एका कुंडीत, परड्याच्या दुसऱ्या टोकाची चांगली माती दुसऱ्या कुंडीत. दोन्हींत चवळीचे आणि मेथीचे सारखेच दाणे पेरा, सारखंच पाणी घाला, एकाच उन्हात ठेवा. तीन आठवडे बघा. पहिल्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा पानं वेडीवाकडी आली, तर त्या वाफ्यात हा हंगाम भाजी नको. तिथे शेणखत मिसळून, पातेरा घालून, ओल राखून सोडून द्या, मातीतले जिवाणू औषध मोडतात, पण त्यांना वेळ लागतो. कुठल्या औषधाला किती, ते मातीवर आणि ओलीवर ठरतं, म्हणून पुढच्या पेरणीआधी कुंड्यांची परीक्षा पुन्हा घ्या. दोन्ही कुंड्यांतली चवळी सारखी उभी राहिली की मगच तिथे ओळ ओढायची.